राष्ट्रगटांचे सहकार्य आणि प्रदेशाचे अदृश्यत्व : धामापूर-मालवण परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

राष्ट्रांच्या प्रादेशिक गटांमधील सहकार्याचे विवेचन सामान्यतः राष्ट्र हे एकक मानून केले जाते. अशा सहकार्यातून निर्माण होणारे नियम मात्र राष्ट्राच्या सर्व भागांवर सारखे परिणाम करीत नाहीत. आंबा, काजू आणि मासळी या तीन वस्तूंच्या आधारे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील धामापूर-मालवण परिसरापर्यंत हे नियम कसे पोहोचतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. नियम प्रदेशापर्यंत येतो, परंतु प्रदेशाला नियमापर्यंत जाण्याची वाट नाही, आणि जी अरुंद वाट आहे तिचा वापर नोंदींच्या अभावी होत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

मराठीत 'प्रदेश' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पाठ्यपुस्तकांत 'प्रादेशिक सहकार्य' म्हणजे सार्क, आसियान, युरोपीय संघ यांसारख्या राष्ट्रगटांचे सहकार्य होय. त्याच विद्याशाखेतील दुसऱ्या अभ्यासपत्रिकेत 'प्रादेशिक असमतोल' हा शब्दप्रयोग कोकण, विदर्भ, मराठवाडा यांच्या संदर्भात येतो. एकच विद्यार्थी सकाळच्या तासाला पहिला अर्थ शिकतो आणि दुपारच्या तासाला दुसरा. हे दोन अर्थ एकमेकांस कोठे भेटतात, हा प्रश्न त्याला बहुधा विचारला जात नाही. मोठा प्रदेश लहान प्रदेशावर काय परिणाम करतो, या प्रश्नाची उपेक्षा हा केवळ अभ्यासक्रमाच्या मांडणीतील दोष नाही. प्रादेशिकतावादाच्या सिद्धांतातच तिचे मूळ आहे.

धामापूर हे मालवण तालुक्यातील गाव तेथील तलावामुळे सर्वपरिचित आहे. आंबा, काजू आणि माडा-पोफळीच्या बागा ही या परिसराची ओळख, तर जवळच्या मालवण किनाऱ्यावर मासेमारी हा मुख्य व्यवसाय. यांपैकी आंबा, काजू आणि मासळी या तिन्ही वस्तूंचे भवितव्य गेल्या दोन दशकांत दिल्लीइतकेच ब्रुसेल्स, बँकॉक आणि आदिस अबाबा येथील निर्णयांशी जोडले गेले आहे. त्यामुळे राष्ट्रगटांच्या संबंधांविषयीची गृहीतके तपासून पाहण्यास हा परिसर योग्य ठरतो.

सिद्धांताची चौकट

आर्थिक प्रादेशिकतेच्या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती जेकब वाइनर यांनी. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी जकात-संघामुळे होणारी व्यापारनिर्मिती आणि व्यापारवळण असा भेद केला. गटातील अधिक कार्यक्षम उत्पादकाकडे खरेदी वळली तर व्यापारनिर्मिती होते. गटाबाहेरील स्वस्त उत्पादकाला डावलून गटातील महाग उत्पादकाकडे ती वळली तर व्यापारवळण होते. बेला बलास्सा यांनी १९६१ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्रापासून संपूर्ण आर्थिक एकात्मतेपर्यंत पाच पायऱ्या सांगितल्या. अर्न्स्ट हास यांनी त्यापूर्वी, १९५८ मध्ये, एका क्षेत्रातील सहकार्य हळूहळू दुसऱ्या क्षेत्रात झिरपते असे युरोपच्या अनुभवावरून मांडले होते. पुढे जगदीश भगवती यांनी परस्परांत गुंतलेल्या असंख्य व्यापार करारांच्या जंजाळाविषयी इशारा दिला.

या मांडणीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती सर्व मुख्यतः जकातीच्या दराभोवती फिरते आणि लाभहानीचा हिशेब राष्ट्राच्या खात्यावर मांडते. आज शेती व मासळीच्या व्यापारातील खरा अडसर बहुतांश वेळा जकातीपेक्षा मानकांचा असतो, म्हणजेच कीडमुक्ती, अवशेषांची मर्यादा, उगमाचा दाखला यांचा. मानकाची पूर्तता करण्याचा खर्च राष्ट्र करीत नाही. तो बागायतदार, कारखानदार आणि मच्छीमार करतो. एकक बदलले की हिशेबही बदलतो, ही गोष्ट वरील चौकटीत पुरेशी येत नाही.

गटाशी गट की गटाशी एकटे राष्ट्र?

'राष्ट्रगटांमधील सहकार्य' असे म्हटले की दोन समान उंचीचे पक्ष समोरासमोर बसले आहेत असे चित्र उभे राहते. इतिहास वेगळे सांगतो. युरोपीय संघाने २००७ मध्ये आसियानशी गट म्हणून मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी सुरू केल्या. २००९ मध्ये त्या थांबल्या आणि संघाने सिंगापूर, व्हिएतनाम यांच्याशी स्वतंत्र करार केले. दक्षिण अमेरिकेतील मर्कोसूर या गटाशी १९९९ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींना राजकीय सहमतीपर्यंत पोहोचण्यास डिसेंबर २०२४ उजाडावे लागले. आखाती सहकार्य परिषदेशी भारताने २००४ मध्ये चौकट करार केला. प्रत्यक्ष व्यापार करार अमलात आला तो संयुक्त अरब अमिराती या तिच्या एका सदस्याशी, १ मे २०२२ रोजी. भारतीय आंब्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक हाच देश असल्याने कोकणच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे.

भारताची स्थिती याहून अवघड आहे, कारण भारताच्या पाठीशी स्वतःचा बळकट गट नाही. सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे झाली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार २००४ मध्ये इस्लामाबादेत होऊन १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. परंतु नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. परिणामी आसियान असो, युरोपीय संघ असो वा आफ्रिकी संघ असो, भारत एकटा गटासमोर बसतो. भारतासारख्या मोठ्या राष्ट्राला ही स्थिती कधी सोयीचीही वाटते. पण समोरच्या गटाची मानके त्याच्या सर्व सदस्यांनी मिळून आधीच ठरवलेली असतात. ती मान्य करणे वा बाजारपेठ गमावणे, एवढाच पर्याय एकट्या राष्ट्रापुढे उरतो. राष्ट्रापुढील ही विषमता जिल्ह्याच्या पातळीवर कशी वाढत जाते, हे पुढील तीन उदाहरणांवरून दिसेल.

आंबा : देशाला बंदी, हंगामाला फटका

युरोपीय संघाच्या वनस्पती-आरोग्यविषयक समितीने २६ मार्च २०१४ रोजी भारतातून येणारा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. १ मेपासून तो अमलात आला. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या, हे कारण देण्यात आले. कारण खोटे नव्हते. आपल्या शेतीचे परकीय किडीपासून रक्षण करण्याचा अधिकार कोणत्याही देशाला वा गटाला आहे. आक्षेप निर्णयाच्या हेतूवर नसून त्याच्या एककावर आहे.

२०७ ही संख्या संपूर्ण देशाची, अनेक फळांची व भाज्यांची मिळून होती. बंदी मात्र सरसकट देशाला लागू झाली. ज्या बागेने फळ स्वच्छ ठेवले आणि ज्या व्यापाऱ्याने निष्काळजीपणे पेट्या भरल्या, ते दोघेही एका पंगतीत बसले. बंदी घातलेल्या पाचही वस्तू मिळून भारताच्या युरोपीय संघाला होणाऱ्या ताज्या फळे-भाजीपाल्याच्या निर्यातीच्या पाच टक्क्यांहून कमी होत्या. राष्ट्राच्या खात्यावर ही रक्कम किरकोळ होय. देवगड-मालवणच्या हापूसचा हंगाम एप्रिल-मेचा असतो. मार्चअखेर झालेला आणि ऐन मे महिन्यात लागू झालेला निर्णय म्हणजे फळ झाडावर असताना बाजार बंद होणे होय. निर्यातीसाठी राखलेले उत्तम फळ देशी बाजारात आले की तेथील भावावर दाब येतो. ज्याने एकही पेटी परदेशी पाठविली नाही त्या बागायतदारापर्यंतही हा दाब पोहोचतो.

या प्रसंगातील एक विरोधाभास बोलका आहे. बंदीविरुद्ध ब्रिटनमध्ये जो आवाज उठला त्यात लेस्टरचे तत्कालीन खासदार, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील कीथ वाझ अग्रभागी होते. आपल्या मतदारसंघातील आंबा-व्यापाऱ्यांचे नुकसान हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे कोकणचा आंबा विकणाऱ्याला गटाच्या आत प्रतिनिधी होता. तो पिकविणाऱ्याचे म्हणणे मांडणारी यंत्रणा दिल्लीमार्गेच जात होती आणि तेथे ते 'भारतीय आंबा' या शीर्षकाखाली मांडले जात होते.

निर्यातमाल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच पाठविण्याची सक्ती आणि आंब्यावर ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया, या सुधारणांनंतर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. सुधारणा इष्टच होती. परंतु हापूसची साल पातळ, फळ नाजूक. उष्णतेच्या प्रक्रियेने त्याच्या रंगास व टिकाऊपणास बाधा येऊ नये म्हणून काढणीची पक्वता, वेळ आणि हाताळणी यांत काटेकोरपणा लागतो. प्रक्रियेच्या सोयीपर्यंत माल नेण्याचा खर्चही वेगळाच. मानक सर्वांना समान असले तरी त्याचे ओझे समान नसते.

काजू : दोन खंडांतील एकच शेतकरी

पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू कोकणात रुजून चार शतके उलटली. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने १९५७ पासून त्यावर काम करून 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' यांसारखी वाणे दिली. आज महाराष्ट्र हे काजू उत्पादनातील आघाडीचे राज्य आहे. तरीही काजू बीचा दर हा सिंधुदुर्गातील दरवर्षीचा वादाचा विषय असतो.

एप्रिल २००८ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली भारत-आफ्रिका मंच शिखर परिषद झाली. आफ्रिकी संघ आणि तेथील उपप्रादेशिक संघटना यांच्यामार्फत प्रतिनिधी निवडले गेल्याने राष्ट्र आणि राष्ट्रगट यांच्यातील सहकार्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. तेथे तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अल्पविकसित देशांसाठी शुल्कमुक्त प्रवेशाची योजना जाहीर केली. ज्या वस्तूंचा त्यांनी नावानिशी उल्लेख केला त्यांत काजूही होता. दक्षिण-दक्षिण सहकार्याच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच होता. देशातील प्रक्रिया उद्योगाची क्षमता स्थानिक उत्पादनाहून मोठी असल्याने कारखानदारांनाही आयात बी हवी होती.

पण कोकणातील बागायतदाराचा भाव याच आयातीच्या किमतीशी बांधला गेला. पुढे २०१६ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवर पाच टक्के आयात शुल्क बसले, २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आले. जुलै २०१९ मध्ये काजूगरावरील शुल्क ४५ टक्क्यांवरून ७० टक्के झाले. या फेरबदलांत एक सूत्र दिसते : तयार काजूगराला भक्कम संरक्षण मिळाले, म्हणजे कारखान्याला मिळाले. कच्च्या बीला मिळालेले संरक्षण नाममात्र राहिले. कारखान्यात काम करणाऱ्या, बहुतांशी स्त्रिया असलेल्या कामगारवर्गाचा विचार करता हे धोरण सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. ते एकाच जिल्ह्यातील दोन हितसंबंधांमध्ये निवड करणारे होते, आणि ती निवड जिल्ह्यात कोणाशी चर्चा करून झालेली नव्हती.

समुद्रापलीकडे काय स्थिती आहे? बेनिनने २०२४ पासून कच्च्या काजूच्या निर्यातीस आळा घालून देशातच प्रक्रिया वाढविण्याचे धोरण स्वीकारले. आपली बी कच्चीच बाहेर जाते आणि मोल दुसरीकडे वाढते, ही पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्याची तक्रार आहे. कोकणातील शेतकऱ्याची तक्रारही मुळात तीच आहे. दोघेही एकाच साखळीच्या सर्वांत खालच्या कडीत आहेत. शिखर परिषदेच्या भाषेत मात्र एक 'सहकार्याचा लाभार्थी' ठरतो आणि दुसरा 'देशी उत्पादक'. दोघांचे हित समान आहे, असे म्हणण्याची सोय त्या भाषेत नाही.

मासळी : एकाच दिवशी आलेले दोन नियम

१ जानेवारी २०१० ही तारीख किनारपट्टीच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी भारत-आसियान वस्तुव्यापार करार अमलात आला, आणि त्याच दिवशी बेकायदा, अनोंदित व अनियमित मासेमारीविरुद्धचा युरोपीय संघाचा नियमही लागू झाला. एकाने पूर्वेकडील मालासाठी दार उघडले, दुसऱ्याने पश्चिमेकडील दारावर पहारा बसविला.

आसियान करारावर १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉक येथे स्वाक्षऱ्या झाल्या होत्या. केरळने तो राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न मानला. नारळ, रबर, मिरी आणि मासळी यांच्या उत्पादकांना धक्का बसेल या भीतीने २ ऑक्टोबर २००९ रोजी डाव्या आघाडीने राज्यभर मानवी साखळी उभारली. केंद्राने ४८९ वस्तू सवलतीतून वगळल्याचे दाखवून दिले आणि मिरी, चहा, कॉफी, पामतेल यांच्यासाठी शुल्ककपातीचा वेग कमी ठेवला. केरळची भीती कितपत खरी ठरली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. येथे नोंदवायचे ते इतकेच की नारळ, काजू आणि मासळी असलेल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला राज्याच्या राजकारणात तसे स्थान मिळाले नाही. मुंबईच्या उद्योगव्यापाराचे राज्य अशी महाराष्ट्राची ओळख असल्याने कोकणचे वेगळे हित राज्याच्या सरासरीत विरून गेले.

युरोपीय नियमाचे स्वरूप वेगळे आहे. मासळी कोणत्या बोटीने, कोणत्या क्षेत्रात, कशी पकडली याचा दाखला त्यानुसार द्यावा लागतो. भारतात हे काम सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणामार्फत होते. दोषी देशाला प्रथम इशारा आणि नंतर बंदी अशी तरतूद आहे. श्रीलंकेवर जानेवारी २०१५ मध्ये बंदी आली आणि २०१६ मध्ये ती उठली. थायलंडला एप्रिल २०१५ मध्ये मिळालेला इशारा जानेवारी २०१९ मध्ये मागे घेतला गेला.

तत्त्वतः हा नियम मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराच्या बाजूचा आहे. रापण ही सामूहिक मासेमारी. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे, किनाऱ्यावरून दोन्ही टोके ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे घालायचे. तिच्यावर संकट आले ते पर्ससीन जाळी, परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आणि प्रखर दिव्यांची मासेमारी यांचे. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर कडक मर्यादा घातल्या. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. तरी संघर्ष थांबला नाही. ज्या बेकायदा मासेमारीविरुद्ध ब्रुसेल्सने नियम केला, तिच्याचविरुद्ध मालवणचा रापणकार तक्रार करीत आला आहे. परंतु त्याची तक्रार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे जाते आणि दाखल्याचा कागद निर्यातदाराकडून प्राधिकरणाकडे जातो. या दोन कागदांची भेट घडवून आणणारी व्यवस्था नसेल, तर नियमाचा हेतू आणि त्याचा न्याय्य लाभार्थी यांची ताटातूट होते.

राज्यघटनेतील दोन नोंदी

या अदृश्यत्वाचे घटनात्मक कारण पाहण्यासारखे आहे. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत चौदाव्या क्रमांकावर परकीय देशांशी करार करणे व ते अमलात आणणे हा विषय आहे. राज्यसूचीतही चौदाव्याच क्रमांकावर शेती आहे, आणि त्या नोंदीत किडींपासून संरक्षण व वनस्पतीरोगांना प्रतिबंध यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत एकविसाव्या क्रमांकावर आहे. प्रादेशिक सागरी हद्दीबाहेरची मासेमारी मात्र संघाकडे. अनुच्छेद २५३ अन्वये करार अमलात आणण्यासाठी संसदेला राज्यांच्या विषयांवरही कायदा करता येतो.

म्हणजे फळमाशीचा बंदोबस्त राज्याने करावयाचा आणि फळमाशीविषयीची बोलणी केंद्राने करावयाची. ही विभागणी अपरिहार्य असली तरी दोहोंना जोडणारा, सक्तीचा असा सल्लामसलतीचा टप्पा घटनेत नाही.

तुलनेसाठी युरोपचेच उदाहरण घेऊ. मास्ट्रिक्ट करारानुसार १९९४ मध्ये तेथे प्रदेशांची समिती स्थापन झाली. स्थानिक व प्रादेशिक प्रतिनिधींची ती सल्लागार संस्था आहे. याहून पुढचे उदाहरण बेल्जियममधील वॉलोनिया या सुमारे ३६ लाख लोकवस्तीच्या प्रदेशाचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथील विधिमंडळाने युरोपीय संघ-कॅनडा करारास संमती नाकारली आणि संपूर्ण गटाची स्वाक्षरी काही दिवस अडवून धरली. शेती आणि गुंतवणूक-विवाद यांविषयी खुलासे मिळाल्यावरच ३० ऑक्टोबर रोजी करार झाला. ज्या गटाचा नियम कोकणवर चालतो त्या गटाच्या आतील प्रदेशाला बोलण्याचा हक्क आहे. त्या नियमाखाली येणाऱ्या बाहेरील प्रदेशाला तो नाही.

प्रतिवाद

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रत्येक प्रदेशाला नकाराधिकार दिल्यास राष्ट्राला कोणताच करार करता येणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. वॉलोनियाचे अनुकरण करावे असे येथे सुचविलेले नाही. नकाराधिकार आणि सुनावणी यांत फरक आहे, आणि मागणी सुनावणीची आहे.

दुसरा आक्षेप असा की, संघटित उत्पादकांचे दिल्लीत ऐकले जाते. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने आसियानप्रणीत सर्वंकष भागीदारीतून बाहेर राहण्याचे ठरविले तेव्हा दुग्धोत्पादक सहकारी संस्थांचा विरोध हे त्यामागील एक कारण होते. हेही खरे आहे. पण या उदाहरणाने प्रस्तुत लेखाचा मुद्दा खोडला जात नाही, तो अधिक नेमका होतो. दुधाला दररोजच्या संकलनाच्या नोंदी, गावोगावच्या संस्था आणि त्यांचा महासंघ यांचे बळ होते. हंगामी पीक, विखुरलेल्या बागा आणि दलालामार्फत चालणारी विक्री असलेल्या कोकणात असे बळ तुरळक आहे.

नियमातील दार आणि धामापूरचा तलाव

जागतिक व्यापार संघटनेच्या वनस्पती-आरोग्यविषयक करारात, १९९५ पासून, सहावा अनुच्छेद आहे. निर्यातदार देशातील एखादा भाग कीडमुक्त वा अल्प प्रादुर्भावाचा असेल तर त्या भागाचा वेगळा विचार करावा, अशी त्यात तरतूद आहे. सिद्धांताने दुर्लक्षिलेला लहान प्रदेश कायद्याने अशा रीतीने मान्य केला आहे. अट एकच : पुरावा निर्यातदार देशाने द्यावयाचा. कोकणात फळमाशी दुर्मीळ नाही, त्यामुळे कीडमुक्तीचा दावा करता येणार नाही. अल्प प्रादुर्भावाचे क्षेत्र सिद्ध करावयाचे तर गावोगावच्या सापळ्यांत किती माश्या सापडल्या याच्या सलग अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक' सापळा विकसित केला. सापळा आहे, आता सलग आणि सार्वजनिक नोंद हवी.

नोंद प्रदेशाला दृश्य करते याचा दाखला धामापुरातच आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलेल्या तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. ही मान्यता मागण्याचा मार्गही राष्ट्रीय समितीमार्फतच जातो. पण तेथे 'भारतीय तलाव' असे सरासरीचे एकक चालले नाही. एका ठिकाणाचा काळ, रचना, उपयोग आणि सातत्य मांडावे लागले. आयोग हा राष्ट्रगट नव्हे आणि वारसास्थळाची मान्यता म्हणजे व्यापारहक्क नव्हे, याचे भान ठेवूनही हे सांगता येते की, राष्ट्रामार्फत जातानाही ठिकाण आपली ओळख टिकवू शकते. २०१८ मध्ये पाच जिल्ह्यांच्या हापूसला मिळालेला भौगोलिक निर्देशांकही याच जातीचा आहे. युरोपीय संघाशी जून २०२२ मध्ये निर्देशांकांविषयी स्वतंत्र वाटाघाटी सुरू झाल्या, आणि मुख्य व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. करार अमलात आल्यावर जकात कमी होईल. मानके राहतील. म्हणून सहाव्या अनुच्छेदाचे महत्त्व यापुढे वाढणार आहे.

अध्यापन व संशोधनासंबंधी

राज्यशास्त्र व अर्थशास्त्राच्या वर्गांत राष्ट्रगट हा विषय स्थापना-वर्ष, सदस्य-संख्या, सचिवालयाचे ठिकाण आणि उद्दिष्टे या क्रमाने शिकविला जातो. सार्कचे सचिवालय काठमांडूला आहे हे सांगू शकणारा मालवणचा विद्यार्थी, आपल्या घरच्या काजू बीचा दर पश्चिम आफ्रिकेतील हंगामाशी का बांधलेला आहे, हे सांगू शकत नसेल, तर दोष विद्यार्थ्याचा नाही. किनारपट्टीवरील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, वाणिज्य, भूगोल आणि राज्यशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असतात. फळमाशीच्या साप्ताहिक नोंदी, काजू बीच्या स्थानिक दराची मालिका, बंदरावर उतरलेल्या मासळीची जातवार व जाळेवार नोंद, ही कामे या विभागांनी वाटून घेण्याजोगी आहेत. एका वर्षाच्या प्रकल्पाने काही साधणार नाही. दहा वर्षे न थांबता केलेली साधी नोंदवही मात्र वाटाघाटीच्या मेजावर वजन ठेवते.

समारोप

राष्ट्रगटांतील सहकार्य हे आजच्या जगाचे वास्तव आहे आणि त्यातून कोकणला लाभही झाले आहेत. मान्यताप्राप्त पॅकहाऊस, शुद्ध माल, मासळीच्या उगमाचा दाखला या गोष्टी बाहेरच्या दबावाखेरीज आल्या असत्या असे म्हणणे कठीण आहे. चिकित्सेचा रोख सहकार्यावर नसून ते मोजण्याच्या मापावर आहे. राष्ट्राची सरासरी हे एकमेव माप मानले की पाच टक्क्यांहून कमी ठरणारी निर्यात किरकोळ वाटते आणि तिच्यावर उभा असलेला हंगाम दिसत नाही. करारापूर्वी बाधित जिल्ह्यांची सुनावणी, राज्य पातळीवर कायमस्वरूपी व्यापार-सल्ला कक्ष आणि स्थानिक नोंदींची सलग परंपरा, या तीन गोष्टी झाल्या तर नियम आणि प्रदेश यांच्यातील एकेरी रस्ता दुहेरी होऊ शकेल. पहिल्या दोन शासनाच्या हाती आहेत. तिसरीसाठी महाविद्यालयांना कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.